चार मिनिटांचा जिना

बर्फ बघायला जायचं ठरलं आणि चष्मेवाल्याच्या घरात कुणाचेच पाय जमिनीवर राहीनात. त्याची दहा वर्षांची मुलगी ठकू शाळेतून आली तरी कानटोपी काढेना, जेवताना नाही, आंघोळीला जाताना तर नाहीच. बायको पोहायला शिकवायची. तिच्या गळ्यातली शिट्टी एरवी तलावावरच राहायची, ती आता स्वयंपाकघरातसुद्धा वाजू लागली. आणि खुद्द चष्मेवाला, वय वर्षे सत्तेचाळीस, दुकानात गिऱ्हाइकाच्या नाकावर चौकट बसवता बसवता स्वतःशीच शीळ घालायचा. एके दिवशी त्याने एका बाईंच्या चष्म्याची डावी काच उजवीकडे आणि उजवी डावीकडे बसवली, आणि वर 'आता कसं छान दिसतंय' असंही म्हणाला.

बेत त्याचाच होता आणि तो काही साधासुधा नव्हता. एका रविवारात चार ठिकाणं! गोठलेला धबधबा, बर्फात खणलेला बोगदा, घसरगाड्यांचा उतार आणि अगदी शिखराजवळ दुर्बिणी लावलेला सज्जा. सकाळी मोठ्या गाडीने जंक्शनपर्यंत, तिथून डोंगर चढणारी दातेरी चाकांची छोटी गाडी, आणि अंधार पडायच्या आत परत. रेल्वेच्या हिवाळी वेळापत्रकाची पुस्तिका आणून त्याने भिंतीवर भलामोठा तक्ता चिकटवला होता. पुस्तिका वाचताना मात्र तो हात इतका लांब करायचा, की हात अजून थोडा लांब असता तर बरं झालं असतं असं बघणाऱ्याला वाटावं. साऱ्या गावाला चष्मे लावणाऱ्या या माणसाने स्वतः चाळिशी लावायची नाही असा हट्ट धरला होता. हा हट्ट घरात सगळ्यांना ठाऊक होता आणि त्यावर बोलायची सोय नव्हती.

सगळं घोडं अडलं होतं ते जंक्शनवर. मोठी गाडी तिथे पोचणार नऊ बाराला, छोटी सुटणार नऊ सोळाला. मध्ये पूल. पुलाच्या एकोणीस पायऱ्या वर, एकोणीस खाली. ही छोटी चुकली की पुढची अकरा सोळाला, म्हणजे बोगदा आणि उतार दोन्ही बुडाले.

आणि खाली तळमजल्यावर आत्या राहत होती.

आत्या त्याच्या वडिलांची धाकटी बहीण. वय एकाहत्तर, उजवा गुडघा गेल्याच वर्षी नवा बसवलेला. चौतीस वर्षं ती स्टेशनच्या तिकीट खिडकीत बसली. शिखराची तिकिटं तिने किती फाडली असतील याला गणती नाही. स्वतः मात्र एकदाही गेली नाही. रविवारी सगळ्यात जास्त गर्दी, म्हणून रविवारी तिला सुट्टी नाही. नोकरी संपली तेव्हा गुडघा बोलायला लागला होता. बेताची बातमी कळली त्याच संध्याकाळी ती बाजारात गेली आणि बर्फात घालायचे जाडजूड बूट घेऊन आली. तिला कुणी बोलावलं होतं की नाही, हे विचारायचं धाडस कुणाला झालं नाही.

"अरे छकुल्या," तक्ता बघायला वर आली तेव्हा ती म्हणाली होती, "पानाच्या तळाशी बारीक अक्षरं असतात, ती वाचलीस का?"

"आत्या, बारीक अक्षरं हाच माझा धंदा आहे," सत्तेचाळीस वर्षांचा छकुल्या म्हणाला. "आणि तुझा काळ वेगळा होता. आता सगळं बदललंय."

"बरं बाबा," आत्या म्हणाली आणि गप्प बसली.

मग तालीम सुरू झाली. कल्पना बायकोची. इमारतीच्या जिन्याला तळमजल्यापासून पहिल्या मजल्यापर्यंत बरोबर एकोणीस पायऱ्या होत्या, हा योगायोग तिनेच शोधून काढला. आत्याचं दार म्हणजे मोठी गाडी. तिथून निघायचं, पहिल्या मजल्यावर जायचं, वळसा घालून खाली उतरायचं आणि टपालपेट्यांपाशी पोचायचं. टपालपेट्या म्हणजे छोटी गाडी. ठकू गार्ड. बायकोने शिट्टी वाजवली की चौघं सुटायचे, पाठीवर पिशव्या, पिशव्यांत खऱ्याखुऱ्या उकडलेल्या अंड्यांचा डबा. पहिल्या दिवशी आत्याला साडेसहा मिनिटं लागली आणि अंड्यांचा चुरा झाला.

दोन आठवडे रोज संध्याकाळी हाच धुमाकूळ. पहिल्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर दार उघडून खुर्ची टाकून बसू लागले आणि 'कठडा धरा, कठडा!' असं ओरडू लागले. समोरची शिंपीणबाई टाळ्या वाजवायची. आत्या बूट घालूनच यायची, नाडीला दोन-दोन गाठी मारून. पाच मिनिटं पन्नास. पाच वीस. पाच. दहा-दहा सेकंद कमी झाले तरी सगळी इमारत डोक्यावर घेतली जायची. चष्मेवाला हसायचा, ओरडायचा, पण रात्री तक्त्यासमोर उभा राहून नऊ बारा ते नऊ सोळा पुन्हा पुन्हा मोजायचा. तिकिटं काढायची शेवटची मुदत गुरुवारी संध्याकाळी सहा. आणि आत्या चार मिनिटांत येणार नाही, हे त्याला दिसत होतं.

"तीनच काढावी लागणार," तो बायकोला म्हणाला.

"मग तिला तू सांग. तुझी आत्या आहे."

"तू सांग ना. तुला शिट्टी आहे."

बायकोने त्याच्याकडे असं काही बघितलं की त्याने विषय तिथेच सोडला.

गुरुवारी साडेपाचला शेवटची तालीम झाली. मास्तर खुर्चीवरून उठून उभे राहिले होते. आत्या कठडा धरून चढली, वळली, उतरताना तोंडाने पायऱ्या मोजत आली आणि तिने टपालपेटीला हात लावला. बायकोने घड्याळ बघितलं.

"किती?" आत्याने विचारलं.

"चार चाळीस."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आत्या खालच्या पायरीवर बसली. चेहरा लाल, श्वास फुललेला. "चांगलं झालं की," ती म्हणाली. "जा तुम्ही तिघं. फोटो दाखवा मला." आणि वाकून ती बुटाच्या नाडीची गाठ सोडवायला लागली. एकावर एक दोन गाठी, लवकर सुटेचनात.

चष्मेवाल्याला त्या गाठींकडे बघवेना. आपला तक्ता, त्यातले रंगीत बाण, चार ठिकाणांचे चार चौकोन, सगळं त्याला एकदम मूर्खपणाचं वाटलं, आणि स्वतःची लाज वाटली.

"राहू दे त्या नाड्या," तो जवळजवळ ओरडलाच. "चुकली गाडी तर चुकली! अकरा सोळाची धरू. दोन तास जंक्शनवर बसू, चहा पिऊ, अंडी खाऊ. दोनच ठिकाणं बघू, नाहीतर एकच बघू. चौघं जायचं!"

मग त्याने भीत भीत ठकूकडे बघितलं. घसरगाडीसाठी तिने महिनाभर कानटोपी काढली नव्हती.

ठकूने कानटोपी कानांवर खाली ओढली. "फलाटावर बर्फ असेल ना? मग मी तिथेच घसरीन. आत्याआजी मला ढकलेल."

चष्मेवाल्याने फोन काढला, हात लांब केला, डोळे बारीक केले आणि बटणं दाबली. "काढली!" तो म्हणाला. वरून मास्तरांनी आरोळी ठोकली. शिंपीणबाई काय झालं ते न कळताच टाळ्या वाजवू लागली.

गोंगाट कमी झाल्यावर आत्याने घसा साफ केला. मग बसल्या जागी, ताठ होऊन, खिडकीतल्या त्या जुन्या आवाजात ती म्हणाली, "चांदणीची खूण असलेल्या गाड्यांसाठी सूचना. हिवाळ्यात पलीकडच्या फलाटाच्या छपरावरून बर्फ कोसळत असल्यामुळे डोंगराची गाडी मोठ्या गाडीच्या समोरच, त्याच फलाटावर लागेल. प्रवाशांनी पूल चढू नये."

बायकोच्या तोंडातून शिट्टी पडली.

"त्याच फलाटावर?" चष्मेवाला म्हणाला.

"सात पावलांवर. पुस्तिकेत आहे. पान अकरा, तळाशी."

"मग आम्ही दोन आठवडे हा जिना कशाला चढलो, आत्या?" बायकोने विचारलं.

"तुम्ही कशाला चढलात ते मला काय माहीत. मला डॉक्टरांनी गुडघ्यासाठी रोज जिना चढायला सांगितलं होतं. एकटीला कंटाळा यायचा."

बायको मटकन पायरीवर बसली आणि हसत सुटली, ती थांबेचना. तिचं बघून मास्तर, मग ठकू. चष्मेवाला तेवढा हसला नाही. "पण पाच मिनिटांपूर्वी तरी सांगायचंस," तो म्हणाला. "तू तर नाड्या सोडायला लागली होतीस."

आत्याने पदराबिदराने नाही, सरळ बाहीने नाक पुसलं. "तेव्हा सांगितलं असतं तर तू मला नेलंच असतंस," ती म्हणाली. "सात पावलं काय, कुणीही नेईल. चौतीस वर्षं मी सगळ्या गावाला वर पाठवलं रे. मला वाटलं, एकदा बघावं, मी जड झाले तरी मला कुणी नेतंय का."

चष्मेवाला तिच्या शेजारी पायरीवर बसला. आत्याने आपला चष्मा काढला, त्याच्या नाकावर ठेवला आणि फोन त्याच्या हातात नीट जवळ धरला.

"आता वाच. तिकिटावर काय आहे?"

अक्षरं एकदम स्वच्छ दिसली. गेल्या कित्येक वर्षांत इतकी स्वच्छ दिसली नव्हती. "प्रवासी, चार," त्याने वाचलं. "शिखर. जाऊन-येऊन."

"परत वाच," आत्या म्हणाली.

त्याने परत वाचलं.