गुलाबी फिती

जंगलाच्या तोंडाशी लाकडी पेटीत एक वही असते. नाव, आत गेल्याची वेळ, बाहेर आल्याची वेळ. होबार्ट शहरातून येणारे लोक ती इमानदारीत भरतात. आम्ही गाववाले जातानाच दोन्ही रकाने भरून मोकळे होतो. परतताना भिजल्या बोटांनी पेन कोण धरणार? मीसुद्धा तेच करते, आणि या वाटांची देखभाल ही माझी नोकरी आहे.

त्या दिवशी जुन्या वाटेवरच्या, वाट कळावी म्हणून झाडांना बांधलेल्या गुलाबी फिती काढायच्या होत्या. ओढ्यावरचा पूल कुजला होता, वाट बंद करायची होती. वहीत शेवटचं नाव माझ्या बापाचं, लॉइड स्केल्टन. वाट सोडून आत शिरायचं, उंच निलगिरी शोधून त्यांचा घेर मोजायचा, हे त्याचं वेड आहे. सकाळी आईने त्याला गाडीतून सोडलं असणार. बाहेर आल्याचा रकाना भरलेला दिसला, वेळ काही मी वाचली नाही. म्हटलं, चला, म्हातारा घरी पोचला. पुलापर्यंतच्या सगळ्या फिती सोडवून मी नव्या वाटेने परत आले.

काम झाल्याची नोंद करायला वही उघडली. डॅडच्या नावापुढे लिहिलं होतं, बाहेर : तीन दहा.

घड्याळात पावणेतीन झाले होते.

म्हणजे तो अजून आतच होता. रेडिओवर ऑफिसला कळवलं. माणसं पोचायला दीड तास, म्हणाले. जुलै म्हणजे इथला हिवाळा, पाचला आत काही दिसत नाही. त्या वाटेवर नेचे माणसाच्या डोक्यावर जातात. फीत नसेल तर वाटच नसते. मी धावतच आत शिरले.

वारा सुटला होता. ऐंशी मीटर उंचीवरून फांद्या तुटतात तेव्हा आधी आवाज येतो आणि पळायला जागा नसते. एक माझ्यामागेच कोसळली. खिशातल्या फिती मी पुन्हा बांधत चालले होते, पण घाईत एकही गाठ नीट बसेना. "डॅड!" वारा हाक गिळून टाकायचा. मला एकच दिसत होतं : नेच्यांखाली त्याचा बूट.

पुलाच्या बऱ्याच अलीकडे तो सापडला. एका बुंध्याला पाठ टेकून उभा होता. गुडघे चिखलाने भरलेले, गालावर जळू, आणि तिचा त्याला पत्ताच नव्हता.

"लागलंय का कुठे?"

"नाही." त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही. "आईला सांगू नकोस. मीच सांगेन. गाडीच्या किल्ल्याही देऊन टाकतो."

"काय बोलतोयस तू?"

"सकाळी इथे फिती होत्या, टेस. मी बघितल्या होत्या. एकेक मोजत गेलो होतो. आता एकही नाही." त्याचा आवाज फाटला. "रॉय काकाचं असंच सुरू झालं होतं. आधी घराची वाट विसरला, मग आम्हाला. झालं माझं."

मी मूठ उघडली. उरलेल्या फिती त्याच्या हातावर ठेवल्या.

"मी काढल्या, डॅड. तू बाहेर पडलास असं वहीत लिहिलं होतं."

तो फितींकडे बघत राहिला. मग चिखलातच खाली बसला, त्या तोंडाशी धरल्या आणि लहान मुलासारखा रडू लागला.

"तू काढल्यास होय," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "तू काढल्यास."

त्याने मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.