मेंढीच्या नाकाला सेंट

प्रियदर्शनीला आजही कुणी विचारलं की बाई, इतके सेंट हुंगलेस, त्यातला सगळ्यात भारी कुठला, तर ती पटकन 'उन्हाळी सुट्टी'चं नाव घेते. ऐकणाऱ्याला वाटतं, कंपनीनं पैसे चारले असणार. चारले असते तर बरंच झालं असतं म्हणा! पण त्या बाटलीचे तिच्यावर जे उपकार आहेत ते वेगळेच. आणि खरं सांगायचं तर ती बाटली माणसांपेक्षा मेंढरांनीच जास्त वापरली.

त्याचं असं झालं.

प्रियदर्शनी सांगलीजवळच्या माधवनगरची. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली तरी घर तिथंच राहिलं. हिचं नाक लहानपणापासून तिखट. शेजारच्या घरात कसली फोडणी पडली, हे ही अंथरुणात लोळत सांगायची. पुढं हातात मोबाईल आला आणि हिनं सेंटांचे व्हिडिओ सुरू केले. भारदस्त बोलायची भानगडच नाही. "हा सेंट म्हणजे वरातीत नाचून आलेला मामा," असं तोंडावर सांगून मोकळी. लोक पोट धरून हसायचे. हळूहळू कंपन्या आपणहून बाटल्या पाठवायला लागल्या. नाकाचं असं झकास चाललं, पण लग्नाचं काही जुळेना. जुळलं ते तिशी उलटल्यावर, म्हसवडच्या विश्वजितशी.

विश्वजित सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर कामाला. भला माणूस, बोलायला कमी. पहिली बायको आजारपणात गेलेली. पदरी सहा वर्षांची मुलगी, प्रांजल. ती म्हसवडला आजी-आजोबांकडं वाढत होती. "तिला आपल्याकडं आणायचं बरं का," हे लग्नाआधीच प्रियदर्शनीनं बजावून ठेवलेलं. आई नसलेल्या पोरीचं करायचं, ह्या कल्पनेनंच तिला भरून यायचं. पण पोर जवळ आली तर करणार ना!

मे महिन्यात विश्वजितनं रजा काढली आणि दोघं म्हसवडला गेली. लग्नानंतर दोघं माधवनगरलाच राहायची. तिथल्या शाळेत पोरीचं नाव घालून ठेवलं होतं. आता फक्त तिला घेऊन यायचं बाकी होतं. पण सासूबाईंनी, बयाबाईंनी, पहिल्याच दिवशी चुलीपुढं बसून सुनेला स्पष्ट सांगितलं.

"हे बघ दर्शने, तू वाईट न्हाईस, ह्ये मला दिसतंय. पन लेकरू आपल्या पायानं तुज्याकडं आलं तरच धाडीन. रडवून, वडून न्यायचं नाव काडू नगंस. आईतवारी जानार न्हवं तुमी? तवर बगू."

"आणि नाही आली तर, आत्या?"

"मग ऱ्हाईल हितंच. मी काय मेले न्हाई आजून."

बयाबाईंचं बोलणं असंच, पण त्यात खोट नव्हती. प्रियदर्शनीला राग यायच्या ऐवजी त्यांच्याबद्दल आदरच वाटला. आपल्या नातीसाठी कुणी एवढं ठामपणे उभं राहतंय, हे काय कमी आहे?

मग सुरू झाली खटपट. हिनं रंगीत रबरबँड आणलेले, ते दिले. पोरीनं घेतले. बाहुली दिली, घेतली. पण घ्यायची ती हात लांब करून, आणि घेतली की चार पावलं मागं. केस विंचरायला बोलावलं की ही पळाली. जेवायला शेजारी बस म्हटलं की जाऊन आजोबांच्या पलीकडं बसली. बोलणं नाही, रडणं नाही, रुसणं तर अजिबात नाही. भांडली असती तरी परवडलं असतं!

त्यात पोरीला आंघोळीचं एक खूळ. सकाळी आंघोळ झाली तरी दुपारी पुन्हा मोरीत जाऊन साबण चोळत बसायची. बयाबाई उखडायच्या. "आगं ए टवळे, टँकरचं पानी हाय ते! न्हवरीगत काय घासतीस अंग?" पोरगी ओल्या केसानं बाहेर यायची, प्रियदर्शनीकडं एकदा बघायची आणि परत लांब जाऊन उभी राहायची.

"नवी आई पटत नाही तिला," प्रियदर्शनी नवऱ्याला म्हणाली. "आईची जागा घ्यायला आले असं वाटत असेल. मी तिच्या जागी असते तर मलाही असंच वाटलं असतं."

शनिवार उजाडला. पुण्याच्या एका नव्या कंपनीची 'उन्हाळी सुट्टी' नावाची बाटली तिच्या पिशवीत तशीच पडून होती. तिचा व्हिडिओ रविवारी टाकायचा शब्द दिलेला. मन थाऱ्यावर नव्हतं, पण शब्द म्हणजे शब्द. लिंबाखालच्या बाजेवर बसून तिनं बाटली उघडली आणि मनगटावर एक फवारा मारला.

आणि काय सांगायचं! पहिल्यांदा आला पिकलेल्या पायरीचा वास, अगदी देठाशी चीक असतो तिथला. मग नारळाचं दूध. आणि थोड्या वेळानं खालून हळूच वर आला तो गरम काकवीचा वास, गुऱ्हाळावर कढईपाशी उभं राहिल्यावर येतो तसा. असले गोड सेंट ती नेहमी झोडपून काढायची. "अंगाला लावायचं की पोळीशी खायचं?" असं विचारायची. पण हा अंगाला चिकटत नव्हता. गोड होता आणि उन्हात हलकाही होता. लहानपणी सुट्टीत मावशीकडं गेल्यावर हात कोपरापर्यंत आंब्यानं माखायचे, ते तिला आठवलं. संध्याकाळी ऊन उतरलं की व्हिडिओ करू, असं ठरवून तिनं बाटली बाजेवरच ठेवली आणि जरा आडवी व्हायला आत गेली.

इकडं वाडग्यात, म्हणजे घरामागं मेंढरं कोंडायची जागा असते तिथं, सकाळपासून वेगळाच घोळ चालला होता. आदल्या रात्री एक मेंढी व्याली, पण कोकरू मेलेलं निघालं. त्याच रात्री दुसरी मेंढी कोकराला जन्म देऊन मेली. आता एकीला दूध होतं आणि पिल्लू नव्हतं, एकाला भूक होती आणि आई नव्हती. सासरे जोतीराम सकाळपासून त्या कोकराला मेंढीच्या खाली धरत होते. पण मेंढी कसली वस्ताद! कोकराला हुंगायची, आपलं नाही म्हणून ओळखायची आणि ढुसणी मारून उडवून द्यायची. तिचंच दूध कोकराच्या अंगाला चोळून पाहिलं, तरी फसेना. पूर्वी दोघांच्या अंगाला रॉकेल लावायचे. उग्र वासापुढं मेंढीला आपलं-परकं कळायचं नाही. पण रॉकेल आता रेशनवर मिळतंय कुठं?

प्रियदर्शनी उठून बाहेर आली तर बाजेवर बाटली नाही. आणि वारा आला तो वाडग्याकडनं, घमघमत! पायरी आंबा, नारळ, काकवी आणि लेंड्या.

धावत गेली तर बयाबाई मेंढीचं तोंड काखेत धरून तिच्या नाकाला फवारे मारत होत्या. मग कोकराच्या डोक्यावर, पाठीवर, शेपटाखाली. जोतीराम फेट्याच्या शेवानं नाक झाकून म्हणत होते, "आगं पुरं कर, मेंढरात आमरस सांडल्यागत झालंय!"

प्रियदर्शनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आत्या! आवं ती माझी कामाची बाटली हाय! उद्या व्हिडिओ करायचाय मला!"

"आगं, सेंटच हाय न्हवं? मानसाला चालतोय तर मेंढराला का चालू नये? लेकरू मराया लागलंय हितं."

ती आणखी बोलणार होती, पण तेवढ्यात बयाबाईंनी मेंढी सोडली. मेंढी फुरफुरली, शिंकली. कोकरू धडपडत आलं. मेंढीनं त्याचं डोकं हुंगलं, पाठ हुंगली, शेपूट हुंगलं. पाय आपटला. पुन्हा हुंगलं. आणि मग उभी राहिली ती राहिलीच. कोकरानं सड धरला आणि त्याचं शेपूट असं काही हलायला लागलं की विचारू नका.

प्रियदर्शनीचा राग कुठल्या कुठं पळाला. डोळे भरून आले. आपल्याला हे का जमू नये, असं एकदम मनात येऊन गेलं, आणि आपण मेंढीचा हेवा करतोय ह्याचं तिला हसूही आलं.

प्रांजल दगडी बांधावर बसून सगळं बघत होती. तिनं आजीला विचारलं, "आजी, तिला कळलं न्हाई व्हय, ह्ये दुसरीचं हाय?"

"कळंल की दोन दिसांनी, वास गेल्यावर. पन तवर दूध पाजून माया लागलेली आसती. मग न्हाई मारत ती ढुसनी."

पोरगी कोकराचं पोट भरेपर्यंत तिथंच बसून बघत राहिली.

रविवारी सकाळी पिशव्या भरून झाल्या. दुपारची एसटी होती. प्रांजलची पिशवी भरलीच नव्हती. प्रियदर्शनीनं लिंबाला मोबाईल टेकवला आणि समोर बसली. बाटलीत तळाला थोडंसंच उरलं होतं. "नमस्कार," ती म्हणाली, आणि पुढचे शब्दच येईनात.

तेवढ्यात प्रांजल आली. नुकतीच न्हालेली, केसातून पाणी गळतंय. सरळ समोर येऊन उभी राहिली, बाटली उचलली आणि प्रियदर्शनीच्या नाकावर फस्‌कन फवारा मारला.

"आगं आगं!" प्रियदर्शनीला शिंकांवर शिंका. डोळ्यांतून पाणी. ते पुसून बघते तर पोरगी आता स्वतःच्या डोक्यावर मारत होती. मग पाठीवर, हात पोचेल तिथवर. मग मागं वळून झग्यावर. आजीनं केलं तसं, त्याच क्रमानं. मग ती पुढं सरकली आणि डोकं खाली करून प्रियदर्शनीच्या नाकापुढं धरून उभी राहिली. डोळे गच्च मिटलेले.

"काय करतीयास बाळा?"

"आता तुला माजा वास येनार न्हाई."

"कसला वास?"

"मेंढरांचा." पोरीनं डोळे उघडले नाहीत. "तू पयल्यांदा आलतीस तवा मी कोकरू दावाया आनलं व्हतं. तवा तू नाकाला पदर लावलास. मी रोज साबन लावती, पन जातच न्हाई. आता ह्यो मारलाय. आता न्हाई ना मारनार ढुसनी?"

प्रियदर्शनीला आठवेचना. लग्नानंतर देवदर्शनाला आली तेव्हाची गोष्ट. वाडग्याशी पोर कोकरू घेऊन उभी होती, एवढं अंधुक आठवलं. पदर लावलाही असेल. असल्या तिखट नाकाची सवयच ती, आपोआप गेला असेल पदर. आणि ह्या जिवानं तेवढ्यावरून रोज अंग घासलं! आपण समजत होतो पोरगी आपल्याला नाकारतीय, आणि पोरगी बिचारी आपण तिला घ्यावं म्हणून साबण संपवत होती.

तिनं पोरीला ओढून कुशीत घेतलं. ओल्या केसांत नाक खुपसलं. आंबा होता, काकवी होती, साबण होता. आणि ह्या सगळ्याच्या खाली, अगदी टाळूपाशी, लोकरीचा, धुराचा, दुधाचा वास होता. ती तो पुन्हा पुन्हा घेत राहिली आणि रडत राहिली.

"मेंढीपेक्षा मीच येडी गं," ती म्हणाली. "तो साबण ठेव बाजूला. हाच वास पायजे मला, तुझा. सांगलीत कुठं मिळायचा हा?"

प्रांजलनं डोळे उघडले. "सांगलीत मेंढरं न्हाईत?"

"नाहीत की."

पोरीनं थोडा विचार केला. "मग मदनंमदनं मला हितं यावं लागंल. वास भरून घ्याया."

मागं बयाबाई कधीच्या येऊन उभ्या होत्या. त्यांनी पदराच्या टोकानं डोळे पुसले आणि नातीवरच खेकसल्या, "मग बसलीस काय हितं? पिशवी कोन भरनार तुजी, मी?" पोरगी उठून धूम पळाली. प्रियदर्शनीनं वाकून सासूच्या पायावर डोकं ठेवलं. "आत्या, तुमी ती बाटली चोरली नसती तर..."

"चोरली काय म्हनतीस गं? इचारनार व्हते. तू झोपलीवतीस."

मोबाईल सगळा वेळ चालूच होता. ते सगळं तिनं पुसून टाकलं, आणि दुपारी एसटीची वाट बघत पुन्हा नव्यानं व्हिडिओ केला. सेंट कसा आहे, पायरीचा वास कितपत खरा, काकवी कधी वर येते, सगळं नीट सांगितलं. "माणसाच्या अंगावर संध्याकाळपर्यंत टिकतो," ती म्हणाली. "मेंढीच्या अंगावर त्याहून जास्त." लोकांना वाटलं, नेहमीची चेष्टा. शेजारून एक बारीक आवाज आला, "आदी नाकावर मारायचा, मग डोस्क्यावर," आणि तेवढं मात्र तिनं कापलं नाही.

एसटीत खिडकीपाशी प्रांजल बसली. वाडगं दिसेनासं होईपर्यंत हात हलवत होती. मग वळली, प्रियदर्शनीच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि झोपली. प्रियदर्शनी आटपाडीपर्यंत हलली नाही. पायाला मुंग्या आल्या होत्या, तरीही.