रोलंडने न टाकलेलं मत

रोलंड ॲस्क्यूला सत्याची फार चाड होती, विशेषतः ते दुसऱ्याने बोलायचं असेल तेव्हा. उभी हयात त्याने शाळेत भूगोल शिकवला होता. त्यामुळे निम्मं स्कार्लबी गाव त्याला अजून 'सर' म्हणे, आणि सर म्हटलं की त्याची मान आपोआप ताठ होई. युरोपातून बाहेर पडण्याचा कौल लागल्यापासून तर ती मान खाली आलीच नव्हती. गावातल्या राहा-वाल्यांनी, म्हणजे युरोपातच राहायला हवं होतं असं मानणाऱ्यांनी, 'पुन्हा सार्वमत समिती' काढली तेव्हा अध्यक्षपदासाठी दुसरं नाव पुढे आलं नाही. येऊ नये म्हणूनच रोलंडने ती बैठक स्वतःच्या घरी ठेवली होती.

कौल लागून तीन वर्षं होत आली होती. सरकारला धड निघता येईना, धड राहता येईना. निघतो निघतो म्हणणारा पाहुणा दारात उभा राहून तासभर बोलत बसतो, तसा अख्खा देश उंबऱ्यावर अडकला होता. गावाचं तर विचारूच नका. चर्चच्या घंटा वाजवणाऱ्यांत दोन तट पडले होते. विणकाम मंडळाची दोन मंडळं झाली होती आणि दोन्हीकडे एकही स्वेटर पुरा होत नव्हता. राहा-वाले एका खाटकाकडे जात, निघा-वाले दुसऱ्याकडे. मटण दोघांकडचं एकाच शेतावरून येई.

रोलंडने समितीसाठी एक वाक्य तयार केलं होतं. 'लबाडीने मिळवलेला कौल हा कौलच नव्हे.' ते त्याने फलकावर रंगवलं, मोटारीच्या मागच्या काचेवर चिकटवलं आणि वाणसामान घेताना दुकानदारालाही ऐकवलं. निघा-वाल्यांनी प्रचाराच्या बसवर भलेमोठे खोटे आकडे रंगवून लोकांना कसं फसवलं, हे तो इतक्या पोटतिडकीने सांगे की ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस आयुष्यात कधी चहात साखर घालून 'घातली नाही' असंसुद्धा बोलला नसेल.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

डेरेक टास्कर हा त्याचा साडू. नळजोडणीचं काम करून निवृत्त झालेला, बोलायला कमी, हाताने चोख आणि पक्का निघा-वाला. का निघायचं म्हणून विचारलं तर म्हणायचा, "निघायचं म्हणून." सार्वमताच्या त्या जून महिन्यात त्याची बायको शीला शहरातल्या इस्पितळात शेवटच्या आजारात होती. शीला म्हणजे रोलंडच्या बायकोची, हिलरीची, धाकटी बहीण. मतदानाच्या आदल्या संध्याकाळी दोघे साडू इस्पितळाच्या मार्गिकेत यंत्राचा पाणचट चहा पीत उभे होते.

"उद्या मत टाकायला गावी जाऊन यायचं म्हणजे अर्धा दिवस जाणार," डेरेक म्हणाला होता. "तिला सोडून जायला मन होत नाही. पण मत तर टाकायला हवं."

तेव्हा रोलंडला एक सुंदर कल्पना सुचली. "अरे, तू निघा, मी राहा. दोघांची मतं एकमेकांना खाणार. मग तू कशाला जातोस? तू शीलाजवळ बस. मीही टाकत नाही. फिटंफाट."

डेरेकचे डोळे भरून आले. "माझ्यासाठी एवढं करशील?"

"साडू ना मी तुझा?"

दोघांनी हात मिळवला. हात मिळवला की झालं. त्यावर आणखी कागद मागणारा एकतर वकील असतो नाहीतर चोर.

रोलंडच्या बाजूने एवढं म्हणायला हवं, की त्या क्षणी तो खरंच बोलत होता. पण सकाळी हिलरी कोट घालून, कुत्र्याला घेऊन दारात उभी. "चल, आधी मत टाकू, मग शीलाकडे जाऊ." आता हिलरीला काय सांगायचं? युरोपासाठी ती दोन महिने दारोदार पत्रकं वाटत फिरली होती. तिला 'मी नाही येत' म्हणायला जी छाती लागते, ती रोलंडकडे शाळेतही नव्हती आणि घरी तर नव्हतीच. म्हटलं, जाऊ, कोरा कागद टाकू. फळ्यांच्या आडोशाला गेला, दोरीने बांधलेली ती बोटभर पेन्सिल हातात आली, आणि हातानेच 'राहा'समोर फुली मारली. निदान रोलंड मनाशी तसं म्हणे. युरोपाचं भवितव्य एकीकडे आणि इस्पितळातल्या चहावरचा शब्द एकीकडे, असाही एक युक्तिवाद त्याने पुढे शोधून ठेवला होता. त्या दुपारी शीलाच्या खाटेशी डेरेकने त्याच्याकडे बघून मान हलवली, रोलंडनेही हलवली. पुढच्या आठवड्यात शीला गेली.

आणि वर राहा-वाले हरले ते हरलेच. म्हणजे शब्दही मोडला आणि उपयोगही शून्य.

तेव्हापासून डेरेक दर रविवारी त्यांच्याकडे जेवायला येई. भाजलेलं मटण, बटाटे, पुदिन्याची चटणी. सार्वमताचा विषय काढायचा नाही असा हिलरीचा नियम होता. जेवण झालं की दोघे साडू मागच्या बागेत बसून एक शब्द न बोलता पाइप ओढत. रोलंडला गावात मान देणारे पुष्कळ होते, पण त्याच्याजवळ बसणारा डेरेक हा एकच. बाकीचे सूप संपेपर्यंत कसेबसे टिकत. हे रोलंडला पुरतं ठाऊक होतं. म्हणून डेरेकला कळेल, या विचाराने रात्री तो अंथरुणात उठून बसे, आणि सकाळी तो पुन्हा सत्यावर भाषण द्यायला मोकळा होई.

मार्चमध्ये पाद्रीबाईंनी तोडगा काढला. चर्चच्या या तरुण पाद्रीबाई जॉयस, गावात नवीन, त्यामुळे लोक चर्चेने एकत्र येतात असं त्यांना अजून वाटत होतं. गावच्या सभागृहात जाहीर वाद ठेवला. 'सार्वमत पुन्हा घ्यावं.' बाजूने रोलंड, विरुद्ध कोणीतरी शांत माणूस हवा म्हणून डेरेक. शेवटी हात वर करून मोजणी. सभागृह गच्च भरलं. केकची टेबलंसुद्धा दोन मांडली होती, कारण निघा-वाल्या बायका राहा-वाल्या लिंबाच्या केकला हात लावणार नव्हत्या.

रोलंड उठला आणि अर्धा तास बोलला. पाद्रीबाईंनी घंटी दोनदा वाजवली. त्याला ती टाळीच वाटली.

मग डेरेक उठला. "टॉस हरलो म्हणून पुन्हा नाणं उडवायचं नसतं," तो म्हणाला. "आमच्या लहानपणी आउट झाल्यावर बॅट घेऊन घरी जाणारी पोरं असायची. एवढंच." आणि बसला. निघा-वाल्यांनी पाय आपटून सभागृह दणाणून सोडलं.

रोलंडला ते सहन झालं नाही. अर्ध्या तासाचं भाषण एका बॅटने उडवलं म्हणजे काय! तो पुन्हा उभा राहिला.

"मला डेरेकचा राग येत नाही," तो वर्गातल्या आवाजात म्हणाला. "मला कीव येते. डेरेकसारखी साधीभोळी माणसं फसली. त्यांच्या मताचा सौदा झाला. दिला शब्द मोडणाऱ्यांनी त्यांच्याकडून मत काढून घेतलं!"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

डेरेक खुर्चीतूनच म्हणाला, "माझ्याकडून कोणी काही काढून घेतलं नाही, रोलंड. मी मत टाकलंच नव्हतं."

मग निघा-वाल्यांतून कोणीतरी ओरडलं, "काय म्हणतोस, डेरेक?"

"नव्हतं टाकलं. शीला इस्पितळात होती." डेरेक सावकाश उठला. त्याला चारचौघांत बोलायची सवय नव्हती, म्हणून तो सगळ्यांकडे न बघता रोलंडकडेच बघत बोलत होता. "मला तिला सोडवेना. तर हा म्हणाला, तू जाऊ नकोस, मीही जात नाही. हात मिळवला आम्ही. याने माझ्यासाठी, माझ्या बायकोसाठी आपलं मत सोडलं. आणि युरोपावर याचा केवढा जीव, ते तुम्ही बघताच. आजवर मी बोललो नाही, कारण याने कधी बोलून दाखवलं नाही. पण याच्या बाजूने फुशारकी मारणाऱ्यांनी आणि माझ्या बाजूने शिव्या घालणाऱ्यांनी एकदा ऐकून ठेवावं. दोन माणसांनी ठरवलं तर ती अशी वागू शकतात."

कोणीतरी नाक शिंकरलं. पाद्रीबाईंचा चेहरा उजळला. गेल्या तीन वर्षांत स्कार्लबीत इतकं चांगलं कोणी कोणाबद्दल बोललं नव्हतं.

पण समितीच्या खजिनदार मिसेस क्रॅबट्री ताडकन उठल्या. "म्हणजे आमच्या अध्यक्षांनी मतच टाकलं नाही? सर, आम्ही पावसात फलक घेऊन उभे राहतो, आणि तुम्ही मत न टाकता पुन्हा मत मागता? पहिल्या पंगतीला न बसता दुसरी वाढा म्हणता? खरं आहे हे?"

सगळं सभागृह रोलंडकडे वळलं. एका बाजूला समिती, अध्यक्षपद, ताठ मान. दुसऱ्या बाजूला डेरेक, जो त्याच्याकडे अजून तसाच बघत होता. रोलंडने आयुष्यात पहिल्यांदा मोठेपणावर पाणी सोडलं. त्याने मान खाली घातली आणि म्हणाला, "खरं आहे."

त्याला क्षणभर हलकं वाटलं. खोटं बोलून का होईना, आपण मित्रासाठी काहीतरी सोडलं.

"काहीही काय!"

तिसऱ्या रांगेतून हिलरी उठली होती. हातात मोबाइल, चेहरा लालबुंद. नवऱ्यावर चिखलफेक होतेय आणि हा सभ्यपणापायी मुकाट सोसतोय, असं तिला वाटलं होतं. हात मिळवून झालेल्या त्या कराराबद्दल तिला कोणी कधी सांगितलंच नव्हतं.

"माझ्या नवऱ्याने मत टाकलंय! मी सोबत होते! डेरेक, तुझा काहीतरी गैरसमज झालाय, त्या दिवसांत तू कुठे भानावर होतास? हे बघा!" तिने मोबाइल उंच धरला. त्या सकाळी निम्म्या देशाने मतदान केंद्राबाहेर आपापल्या कुत्र्यांचे फोटो काढले होते, तसाच हिलरीनेही काढला होता. दारावर 'मतदान केंद्र' अशी मोठी पाटी. खाली ॲस्क्यूंचा कुत्रा, जीभ बाहेर. आणि दारातून हसत बाहेर पडणारा रोलंड, कुत्र्याकडे अंगठा वर करून. "नीट बघा, मिसेस क्रॅबट्री! माझा रोलंड देशाशी दगाबाजी करणारा माणूस नाही!"

फोटो हातोहात फिरला. राहा-वाल्यांकडून निघा-वाल्यांकडे गेला. तीन वर्षांत त्या दोन बाजूंमध्ये सरकलेली ती पहिलीच वस्तू असेल. शेवटी तो मंचावर डेरेककडे आला. डेरेकने चष्मा लावला. बराच वेळ बघितलं. मग मोबाइल हिलरीला परत दिला आणि म्हणाला, "कुत्रा छान आलाय."

हिलरीने त्याच्या तोंडाकडे बघितलं, मग रोलंडच्या. ती हळूहळू खाली बसली.

पाद्रीबाई गडबडल्या, आणि गडबडलेला माणूस जे करतो तेच त्यांनी केलं, कार्यक्रमपत्रिका पुढे रेटली. "तर आपण... मोजणी करू या का? सार्वमत पुन्हा घ्यावं, असं ज्यांना वाटतं त्यांनी..."

हात वर झाले. मिसेस क्रॅबट्रींचा सगळ्यात आधी. अध्यक्षाने साडूला फसवलं ते फसवलं, पण मत योग्य बाजूला टाकलं होतं ना, मग झालं. हिलरीचा हात मात्र वर गेला नाही. पाद्रीबाई मोजत मोजत मंचापर्यंत आल्या आणि थबकल्या.

डेरेकचा हात वर होता.

"मिस्टर टास्कर, तुम्ही विरुद्ध बाजूचे..."

"माझं मत टाकायचं राहिलंय," डेरेक म्हणाला. "मोजा, बाई."

प्रस्ताव एका मताने मंजूर झाला.

मग जो गोंधळ झाला तो बघण्यासारखा होता. तीन वर्षं 'एकदा झालं ते झालं' म्हणणारे निघा-वाले खुर्च्यांवर उभे राहून ओरडू लागले, "पुन्हा मोजा! ही फसवणूक आहे! पुन्हा मत घ्या!" आणि तीन वर्षं 'पुन्हा घ्या, पुन्हा घ्या' म्हणणारे राहा-वाले छाती काढून सांगू लागले, "लोकांनी कौल दिलाय! आता मुकाट मान्य करा!" पाद्रीबाई घंटी वाजवत राहिल्या.

रोलंड त्या कल्लोळातून डेरेकपर्यंत पोचला. "डेरेक, ऐक. मी कोरा टाकणार होतो. देवाशपथ. ती पेन्सिल..."

"मतदानाच्या त्या दुपारी शीलाने मला विचारलं होतं, मत टाकलंस का," डेरेक कोटाची बटणं लावत म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर रोलंडला बरं वाटलं असतं. "मी म्हटलं, नाही, आणि रोलंडनेही नाही, माझ्यासाठी. ती हसली. म्हणाली, 'बघ, मी तुला इतकी वर्षं सांगत नव्हते का? वरवर शिष्ट आहे, पण मनाने भला माणूस आहे तो.' सगळ्या गावात तुझी बाजू घेणारी ती एकटीच होती."

रोलंडने त्याची बाही धरली.

"देशाला काय, पुन्हा विचारता येईल," डेरेक म्हणाला. "तिला मी आता काय जाऊन सांगू?"

तो दाराकडे निघाला. हिलरी कुत्र्याचा फोटो अजून हातात धरून दाराशी येऊन उभी होती. तिने मोबाइल पिशवीत टाकला, डेरेकचा हात धरला आणि मोटारीच्या किल्ल्या घेऊन त्याच्याबरोबर बाहेर पडली.

मिसेस क्रॅबट्री लिंबाच्या केकचा मोठा तुकडा घेऊन आल्या आणि त्यांनी तो रोलंडच्या हातात ठेवला. "अभिनंदन, सर," त्या म्हणाल्या. "अखेर सत्याचा विजय झाला."