मागे फिरायचं नाही

लेकीने ‘पुढे’चं बटण दाबलं आणि लगेच जीभ चावली. मागच्या प्रश्नाचं उत्तर आत्ता आठवलं होतं. पण पडद्यावर मागे जायचा बाणच नव्हता. यंदापासून कॉलेजची प्रवेश परीक्षा संगणकावर, आणि एकदा सोडलेला प्रश्न पुन्हा उघडायचा नाही, असा नियम. सरावाच्या परीक्षेतही तोच.

“पुन्हा गेलं,” ती म्हणाली.

आई टेबलाशी उभी राहून कुणाच्या तरी शर्टाची बाही दाबत होती. लोकांचे कपडे आणून इस्त्री करून द्यायचे, त्यावर दोघींचं घर चालायचं.

“गेलं ते गेलं. पुढचं बघ.”

“हे तू म्हणतेयस?”

आईला हसू आलं. बोलायला तिला तोंडच नव्हतं. घराबाहेर पडलं की कोपऱ्यावरून माघारी यायचं, कुलूप ओढून बघायचं, मग ते उघडून इस्त्रीचं बटण बघायचं, हा खाक्या मूळचा तिचाच. खाण तशी माती, लेकीने तो जसाच्या तसा उचलला होता. गेल्या वर्षी त्यानेच घात केला. कागदावरचा पेपर लवकर संपला, म्हणून ती मागे गेली आणि चांगली बरोबर असलेली उत्तरं खोडून आली. प्रवेश थोडक्यात हुकला.

तेव्हापासूनचं वर्ष दोघींनी नुसतं ओढत आणलं होतं. उसना लॅपटॉप तापला की पंख्यासमोर धरायचा, निवला की पुन्हा सराव. डोळे चुरचुरायचे, आणि आता तर चिडायचाही कंटाळा आला होता. ‘यंदा नाही झालं तर मीही इस्त्री धरते,’ असं लेक एकदा सहज बोलून गेली होती. त्या सहजपणाची आईला फार भीती वाटली होती.

“असं करू,” आईने इस्त्री उभी ठेवली. “आजपासून मीपण मागे फिरणार नाही. कुलूप लावलं की लावलं.”

“तुला नाही जमायचं.”

“तुला जमवायचंय ना? मग मला काय धाड भरलीय?”

संध्याकाळी दोघी कपडे पोचवायला निघाल्या. गठ्ठ्यात वरच कडककाकांचे शर्ट होते. ह्या गृहस्थांना कॉलर कानाला टोचल्याशिवाय कपडा धुतल्यासारखा वाटत नसे. कोपऱ्यावर आईची मान वळू लागली.

“मान,” लेक म्हणाली.

“डास होता गं.”

मग तो रोजचाच खेळ झाला. डास रोज त्याच कोपऱ्यावर यायचा.

परीक्षेच्या सकाळी आईने कुलूप कडीला अडकवलं आणि दोघी घाईने बस गाठायला निघाल्या. ह्या खेपेला कोपऱ्यावर मान वळली नाही. बसमध्ये तिकीट काढताना मात्र आईचा हात पिशवीत बराच वेळ फिरत राहिला.

“काय झालं?”

“काही नाही. सुटे शोधतेय.”

परीक्षेच्या खोलीत लेकीला एक प्रश्न काही केल्या सुटेना. तो सोडून पुढे जाववतही नव्हतं. तिला आईची सकाळची न वळलेली मान आठवली. तिने एक पर्याय निवडला, ‘पुढे’ दाबलं आणि खरोखरच पुढे गेली.

बाहेर आई भिंतीला टेकून उभी होती. चेहरा उतरलेला. पेपर कसा गेला हेही तिने धड विचारलं नाही, नुसती भराभर चालत सुटली. लेकीला ते लागलं.

घराशी आल्यावर तिला दिसलं. कुलूप कडीला नुसतंच लटकत होतं, किल्ली त्यातच होती आणि दार बोटभर उघडं होतं. आत गठ्ठे जागच्या जागी होते. कडककाकांचे शर्टसुद्धा. आई मटकन खाली बसली.

“आई, तुला माहीत होतं?”

“बसमध्ये कळलं. पिशवीत किल्ली नव्हती.”

“अगं, मग बोलायचं ना! लोकांचे एवढे कपडे घरात. निदान मला सोडून तरी यायचं परत.”

“मी फिरले असते, तर आत बसून तूही मनाने मागेच फिरत राहिली असतीस.”

लेकीने पाणी आणून दिलं. आई ते सावकाश प्यायली, भांडं खाली ठेवलं आणि हळूच म्हणाली,

“आता इस्त्रीचं बटण एकदा बघू का?”

“बघ,” लेक म्हणाली. “दोनदा बघ.”