गिट्टीवरची पंगत

मी एक जुनी सतरंजी आहे. लाल-निळ्या पट्ट्यांची, चांगली लांबलचक आणि एका टोकाला फाटलेली. मित्रांनो, ते टोक पाहून माझी कीव करू नका. ते कसे फाटले, ते आधी ऐका.

१९९३ साली नांदेडच्या एका हातमागावर माझा जन्म झाला. जाड सूत, घट्ट वीण. पद्माबाईंनी मला बसच्या टपावर टाकून वसमतला आणले. तिथल्या दवाखान्यात त्या नर्स होत्या. त्यांच्या घरी बारसे असो की बुद्धवंदना, मी अंथरली जायची, झटकली जायची आणि घडी होऊन माळ्यावर जायची. तेव्हा मला वाटायचे, सतरंजीचे आयुष्य एवढेच असते.

आमच्या कॉलनीच्या मधोमध एक मोकळा प्लॉट होता. कॉलनीचा नकाशा झाला तेव्हाच तो सगळ्यांसाठी सोडलेला होता. २००१ च्या उन्हाळ्यात एका गुत्तेदाराने, म्हणजे ठेकेदाराने, त्याच्या चारही कोपऱ्यांना चुना टाकला. त्याला तिथे हळदीचे गोदाम बांधायचे होते. सटवाजी नावाचे निवृत्त कंडक्टर नकाशा घेऊन त्याच्याकडे गेले.

“कागदाचं काय सांगता मामा?” तो म्हणाला. “जागा पडीक हाय. कोण वापरून राहिलं तिला?”

सटवाजींनी अर्ज दिला. पण मोजणीला साहेब यायला महिना लागणार होता, आणि महिन्याभरात भिंत उभी राहिली असती. पद्माबाईंच्या ओसरीवर सगळ्या बायका जमल्या. मग पद्माबाई म्हणाल्या, “त्याला सांगा, आमी वापरतो. दर रविवारी आमी तिथं जेवतो.”

“कधीपासून?” शेजारच्या निर्मलाबाईंनी विचारले.

“येत्या रविवारपासून.”

त्या रविवारी उन्हे कलल्यावर मी प्लॉटवर पसरले. प्रत्येक घराने आपापला डबा आणला. धपाटे, अंबाडीची भाजी, ठेचा, केळी. पद्माबाईंनी पातेलेभर येसराची आमटी केली होती. मी खाली होते, म्हणून मला सगळे कळले. त्या पातेल्यापाशी दोघी-तिघी अडखळल्या. घेऊ का नको, अशी त्यांची चुळबूळ चालली. पद्माबाईंनी आग्रह केला नाही. त्या मान ताठ ठेवून बसल्या. निर्मलाबाई तांड्यावर वाढलेल्या. त्यांनी पातेले आपल्याकडे ओढले, भाकरी कुस्करली आणि वर दोन पळ्या आमटी ओतली. “तिखट हाय बराबर,” एवढेच त्या म्हणाल्या. जेवण संपले तेव्हा पातेल्याचा तळ दिसत होता.

तिसऱ्या रविवारी सकाळी गुत्तेदाराने प्लॉटच्या मधोमध गिट्टी ओतली. आता कुठे बसतील, असे त्याला वाटले असावे. बायकांनी फावड्याने ढीग पसरला आणि त्यावर मला अंथरले. दगड माझ्या अंगात रुतले. बसणाऱ्यांनाही टोचत होते, पण कोणी उठले नाही.

पहिला घास घेतला असेल तोच लोखंडी खांब भरलेला ट्रॅक्टर आला. मागून मोटारसायकलवर गुत्तेदार.

“चालव पुढं,” तो ड्रायव्हरला म्हणाला.

ड्रायव्हर हट्टा गावचा, शेषराव. त्याने इंजिन बंद केले. “माणसं जेवून राहिलेत मालक. मी न्हाई घालत गाडी.”

तेव्हा गुत्तेदाराने वाकून माझे टोक धरले आणि सगळ्या ताकदीने ओढले. मित्रांनो, माझ्यावर वीसएक माणसे बसली होती. एकानेही जागा सोडली नाही. त्याने दुसरा हिसका दिला. माझे सूत तुटत गेले, मी हातभर फाटले. पण सरकले नाही.

पद्माबाईंनी हातातला घास खाली ठेवला. “ओढा अजून,” त्या शांतपणे म्हणाल्या. “सतरंजी माझी हाय. जागा समद्यांची हाय.”

गुत्तेदाराच्या हातात लाल सुताचा झुपका राहिला. झुपका फेकून तो निघून गेला. शेषरावला निर्मलाबाईंनी ताट दिले. तो माझ्या फाटक्या टोकाशी मांडी घालून जेवला आणि खांब होते तसे परत घेऊन गेला.

सटवाजींनी गळ घातली म्हणून पुढच्या रविवारी, सुटी असूनही, साहेब टेप घेऊन आले, तेव्हाही पंगत बसलेली होती. त्यांनी मोजणी केली आणि लिहिले : ‘सार्वजनिक जागा, वापरात.’ गिट्टी गुत्तेदारालाच उचलावी लागली.

चार-पाच वर्षे पंगत चालली. मग घरोघरी मालिका आल्या, कोणाच्या बदल्या झाल्या, सटवाजी वारले. मी पद्माबाईंच्या स्कूटीवर झाकण म्हणून पडून राहिले. लोक म्हणत, जागा आता आपलीच आहे, रोज जाऊन बसायचे काहून?

यंदा, २००९ साली, प्लॉटवर कोणाची तरी विटांची रास पडली. आठ दिवसांनी वाळू. काल तिथे खुंट्या ठोकून दोरी बांधलेली दिसली.

आज रविवार. पद्माबाई आता निवृत्त झाल्या आहेत, गुडघे दुखतात. त्यांनी मला स्कूटीवरून ओढून काढले, झटकले आणि त्या दोरीच्या आत अंथरले. डबा उघडून त्या एकट्याच बसल्या आहेत. समोरच्या खिडक्यांतून लोक बघत आहेत.

मित्रांनो, मला धुऊन, घडी घालून जपून ठेवा, असे मी सांगणार नाही. घडी घातलेल्या सतरंजीवर कोणी जेवत नाही. ऊन उतरले आहे, माझ्यावर अजून पुष्कळ जागा आहे. आपापला डबा घ्या आणि या.