नातेवाइकाची खुर्ची

मित्रांनो, परळच्या एका नर्सिंग संस्थेत दुसऱ्या मजल्यावर एक लोखंडी खाट आहे. तिच्या डाव्या अंगाला सागवानी खुर्ची आहे, हातांवर पॉलिश उडालेली. ती मी.

ठाकूरद्वारच्या एका सुताराने मला घडवलं. तिथून मी एका इस्पितळाच्या वॉर्डात गेले. तिथे रुग्णाच्या घरचं माणूस माझ्यावर बसायचं. कोणी संत्री सोलायचं, कोणी बसल्याबसल्या डुलकी काढायचं. पुढे प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली. पाच वर्षं माझ्यावर नुसती धूळ बसली. मग इरावती मॅडमनी मला पुसून या वर्गात आणलं.

परदेशी नोकरीला जाणाऱ्या नर्सना त्या इंग्रजी शिकवतात. नुसती भाषा नाही, तिकडच्या माणसांशी कसं वागायचं तेही. खाटेवर खोटा रुग्ण झोपतो. तो रुग्ण म्हणजे संस्थेतल्या गंगुबाई मावशी. चहाचे कप विसळले की त्या येऊन आडव्या व्हायच्या. नर्स इंग्रजीत बोलायची, मग तेच मराठीत सांगायची, आणि मावशी गुण द्यायच्या. "ही लय घाईत होती. जसं काय हिचं दूध उतू चाललंय."

एके दिवशी मॅडम म्हणाल्या, "तिकडे वाईट बातमी आधी पेशंटला सांगायची. मुलाला नाही, सुनेला नाही. घरच्यांना सांगायचं तर पेशंटला विचारून."

नायगावची किर्ती म्हणाली, "मॅडम, पेशंट हाय खाईल ना."

मावशी झोपल्या झोपल्या हसल्या. "आमच्या चाळीत पेशंट सोडून सगळ्यांना ठाऊक असतं."

त्या दिवसापासून जे घडू लागलं त्याने मी चक्रावून गेले. प्रत्येक नर्स खाटेपाशी यायची, मावशींचा हात हातात घ्यायची, आणि बातमी सांगायची वेळ आली की मान वळवून माझ्याशी बोलायची. माझ्यावर कोणी बसलेलं नसायचं. रिकाम्या खुर्चीला त्या हळू आवाजात आजार समजावून सांगत होत्या. नातेवाइकांनाच सांगायची वर्षानुवर्षांची सवय ती.

मग एका दुपारी, वर्ग सुटल्यावर किर्ती एकटीच सराव करत थांबली असताना, मावशींचा मुलगा दिनेश आला. मावशी खाली कप धूत होत्या. तो माझ्यावर बसला आणि त्याने किर्तीपुढे एक कागद धरला. रिपोर्ट इंग्रजीत होता. किर्तीने तो दोनदा वाचला.

"डॉक्टरांनी सांगितलंय मला," दिनेश म्हणाला. "गाठ आहे. पंधरा दिवसांत ऑपरेशन करा म्हणतात. पण सिस्टर, आईला बोलू नका. तिला मी ॲसिडिटी सांगितलीय. नव्या बिल्डिंगमधल्या खोलीची चावी मिळतेय, तेवढी पूजा होऊ दे तिच्या हातून. मग बघू."

किर्तीने होकाराची मान हलवली, आणि दाराकडे बघत कागद पटकन हाताने झाकला. मित्रांनो, ज्या बाईला सगळा वर्ग रोज खोटी बातमी देत होता, तिचीच खरी बातमी तिच्यापासून लपवायची ठरली होती. आणि हे ठरलं माझ्यावर बसून.

नऊ दिवसांनी किर्तीची सराव परीक्षा होती. प्रसंग तोच, वाईट बातमी. ती खाटेपाशी आली आणि माझ्याकडे वळली.

"किर्ती," मॅडम म्हणाल्या, "खुर्चीला कॅन्सर झालाय का?"

सगळे हसले. किर्ती मावशींकडे वळली. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"बोल गो बाय," मावशी म्हणाल्या. "मी काय खरी मरते?" आणि किर्तीचं तोंड पाहून त्यांचं हसू थांबलं. त्या उठून बसल्या. "दिनेश आलेला त्या दिवशी. मी कप घेऊन दारात होते. मला बघून तू कागद झाकलास. या पोरी रोज मला मरणाची बातमी देतात. माझी खरी कोण देत नाय. माझ्या पोटात काय आहे, माका सांग."

मॅडमनी हातातला खडू खाली ठेवला. मग त्या किर्तीला एवढंच म्हणाल्या, "त्यांनी स्वतः विचारलंय," आणि बाकीच्यांना घेऊन बाहेर गेल्या.

किर्तीने मला ओढून खाटेला चिकटवलं. ती माझ्यावर बसली, मावशींच्या डोळ्यांना डोळे भिडवून. मराठीतच बोलली.

"मावशी, गाठ आहे. साधी नाही. पण ऑपरेशन करता येतं. पंधरा दिवसांत करा म्हणालेत. त्यातले नऊ गेले."

मावशींनी पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं. "नऊ दिवस मी सोडा पीत बसले," त्या म्हणाल्या. मग फोन मागितला.

"दिनेश, पूजा मागाहून. उद्या सकाळी डॉक्टरकडे जायचं. आणि रडू नको. आज घरी आलास की माझ्यासमोर बस, आणि डॉक्टर काय काय बोलले ते पहिल्यापासून सांग. सगळं. मी मधे बोलणार नाय."

मित्रांनो, तुम्हाला दवाखान्यात नेताना "नुसतं बघणार आहेत" असं सांगतात ना? मग सुई टोचते, आणि सुईपेक्षा ते फसवणं जास्त दुखतं. मोठ्या माणसांचंही तसंच असतं. लपवणारा वाईट नसतो, घाबरलेला असतो. पण त्याच्या भीतीत आजाऱ्याचे दिवस खर्च होतात. म्हणून घरात कोणी अंथरुणाला खिळलं, तर त्याच्या उशाशी दुसऱ्यांशी कुजबुजू नका. त्याच्याजवळ बसा, त्याचा हात धरा आणि त्याला विचारा, "तुला काय काय माहीत करून घ्यायचंय?" मग तो जेवढं विचारेल, तेवढं खरं सांगा.