तेलाचा कापूस

परिचारिका पोलिक्सेनीबाईंनी अपघात विभागाच्या भिंतीवर स्वतःच्या वळणदार अक्षरात तक्ता लावला होता. गोळी लागलेल्या माणसाचे हात धुऊ नका, पुसू नका, कागदी पिशवी बांधा. प्लास्टिकची नको, आत घाम धरतो. नव्या परिचारिकांना त्या हा तक्ता चाल लावून म्हणून दाखवायच्या. चर्चमध्ये गाऊन सांगितलेल्या प्रवचनांत बाईंचा जीव रमे. अहंकाराचं आख्यान लागलं, की आपल्या एक रांग पुढे बसणाऱ्या हेडमास्तरीणबाईंच्या पाठीकडे त्या हळूच बघत. ऐका हो, तुमच्यासाठीच चाललंय!

त्या शनिवारी सकाळी अगिसिलाओसला आणलं. रानडुकरामागे गेलेला, मांडीत छर्रे, शुद्ध नाही. आणणारा त्याच्या बहिणीचा नवरा मिल्टोस. ऑलिव्हच्या बांधावरून दोघांचं भांडण गावभर गाजलेलं. “बंदूक काट्यांत अडकली, त्याच्याच हातून उडाली,” मिल्टोस सांगत राहिला आणि पोलिसांनी त्याला गाडीत नेऊन बसवलं. कालिरोई, एकाची बहीण आणि दुसऱ्याची बायको, दारात उभी. कुणासाठी आधी रडावं तेच तिला कळेना.

बाईंनी सगळं शिस्तीत केलं. पँट कापली ती भोकांना वळसा घालून. डावा हात पिशवीत बांधला. तेवढ्यात रक्तदाब घसरला, ऑपरेशनची धावपळ उडाली, आणि बाईंच्या हातांनी तीस वर्षांची सवय पाळली. खिशातून मठातल्या दिव्याच्या तेलाची कुपी निघाली, कापूस भिजला, कपाळावर क्रूस झाला, उजव्या तळव्यावर झाला. तळवा काळा दिसला म्हणून त्यांनी तो जरा दाबूनच पुसला. मग पिशवी बांधली. गाठ अगदी नमुनेदार.

स्ट्रेचर गेल्यावर फोतिनी, सगळ्यांत नवी परिचारिका, तक्त्याकडे बघत म्हणाली, “ताई, यात पुसू नका लिहिलंय ना?”

“लिहिलंयच मुळी! मी स्वतः...” बाईंचं वाक्य तिथंच बसलं.

तेल म्हणजे काही पाणी नव्हे, त्यांनी स्वतःला समजावलं. तळव्यावर बंदुकीच्या दारूचे कण सापडले नाहीत, तर बंदूक मिल्टोसनेच झाडली असं ठरायला कितीसा वेळ? आणि बोलल्या नाहीत तर कुणाला कळणार? फोतिनी भिडस्त होती. संतही आजवर कधी कुणाची चहाडी करायला आले नव्हते. बाहेरून कालिरोईचं हुंदकणं येत होतं.

नमुने घ्यायला पोलिसांच्या प्रयोगशाळेचा कात्सारास आला, तेव्हा बाई त्याच्यापुढे उभ्या राहिल्या. “उजवा हात मी पुसला. पवित्र तेलाने.”

कात्सारास बघतच राहिला. “तुम्ही? गेल्या वर्षी मी हातमोजे न घालता बूट उचलला, तेव्हा तुम्ही मला सगळ्या वॉर्डासमोर झापलं होतं!”

“झापलं होतं. आता तुम्ही झापा. हवं तर चाल मी लावते.”

“झापून काय होणार बाई? कापूस तर कचऱ्यात गेला असेल.”

“कचऱ्यात?” बाई भडकल्या. “तेलाचा कापूस कचऱ्यात टाकतं का कुणी? घरी नेऊन धुपाटण्यात जाळायचा असतो!” असं म्हणून खिशातून त्यांनी तो कापूस ठेवलेलं चर्चचं कागदी पाकीट काढलं आणि हातात धरून तशाच थांबल्या.

कात्सारासने हातमोजे चढवले. हसू दाबायचा त्याने प्रयत्नही केला नाही.

मग फॉर्म भरला. वस्तू कोणती, कुणाकडून, कशी. “देवभक्तीपायी,” बाईंनी लिहिलं, खोडलं, आणि लिहिलं, “माझ्या चुकीमुळे.” ताडून बघायला कोरा कापूस दिला. कुपीही दिली, तेव्हा मात्र जीव थोडा तुटला.

तिसऱ्या दिवशी अगिसिलाओस शुद्धीवर आला. “माझ्याच हातून उडाली,” म्हणाला. मेहुण्याला वाचवतोय, असं पोलिसांना वाटलं. आठवड्याने कापसाचा अहवाल आला. त्यात दारूचे कण होते. मग त्याचं म्हणणं त्यांना पटलं आणि मिल्टोस सुटला. कालिरोईने बाईंना मिठी मारून सांगितलं, “तुमच्या भक्तीने वाचवलं हो!”

“नाही गं बाई,” पोलिक्सेनीबाई म्हणाल्या, “माझ्या भक्तीने तर घातच केला होता.”

दुपारी त्यांनी तक्त्याखाली एक ओळ वाढवली: तेलसुद्धा नको. आणि रविवारी चर्चमध्ये त्या आपणहून हेडमास्तरीणबाईंच्याही पुढे, पहिल्या रांगेत जाऊन बसल्या. अहंकाराचं आख्यान लागलं, तर मागून त्यांना आपल्या पाठीकडे बघायला सोपं पडावं म्हणून.